हशाच्या रेघा

कंपनीत तिला सगळे कुजबुजेबाई म्हणत. ऐकणाऱ्याला आडनाव वाटे, पण ते आडनाव नव्हतं. पंचेचाळीस वर्षं एकाच विंगेत, एकाच लाकडी स्टुलावर बसून नटांच्या कानाशी कुजबुजण्याचं काम तिने केलं, त्या कामाने ते तिला बहाल केलं होतं. एकदा पोस्टमन त्याच नावाचं पाकीट घेऊन दारात आला आणि तिने मुकाट्याने सही करून ते घेतलं. "खरं नाव शोधायला लावून त्या बिचाऱ्याची दुपार कशाला खराब करू?" असं वर नवऱ्याला सांगितलं.

ती प्रॉम्प्टर होती. नटाला जिचा आवाज ऐकू गेलाच पाहिजे आणि प्रेक्षकाला कधीही जाता कामा नये, अशी बाई. सहाशे माणसं समोर बसलेली आणि चार फुटांवर उभ्या एकाच माणसापुरतं बोलायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. प्रॉम्प्टरचा आवाज ज्या दिवशी पहिल्या रांगेत पोचला त्या दिवशी त्याचं नाक कापलं गेलं, असा या धंद्याचा कायदा.

ती या स्टुलावर बसली तीही अपघाताने. तेविसाव्या वर्षी ती कंपनीसाठी नाटकाच्या प्रती टाइप करून देई. एका दुपारी प्रती द्यायला आली, तर आत हलकल्लोळ. जुन्या प्रॉम्प्टरांनी नवी कवळी बसवली होती आणि 'स' आला की तिच्यातून शिट्टी वाजत होती. सासऱ्यांच्या मृत्यूच्या प्रसंगात नायिकेला नेमकं 'सासरे' आठवेना, विंगेतून दोन शिट्ट्या आल्या आणि ती पदर तोंडाला लावून जी हसत सुटली, ती आवरेना. तेव्हा कंपनीचा मुख्य नट, ज्याला सगळे 'मालक' म्हणत, आत येऊन गरजला, "त्या टाइपवाल्या पोरीला बसवा! पाच प्रती बडवल्यात तिने, नाटक पाठ असणार!"

"आजच्यापुरतं हं," ती म्हणाली होती.

ते नाटक कंपनीचं हुकमी नाटक होतं. लिहिणारा माणूस फार पूर्वीच गेला होता आणि मागे हे एवढंच नाटक ठेवून गेला होता. घरातलीच गोष्ट. एक रुबाबदार नवरा, त्याची अबोल बायको, नवऱ्याचे मित्र. बायको चोरून एका वहीत कविता लिहिते. दुसऱ्या अंकात ती वही नवऱ्याच्या हाती लागते आणि तो मित्रांपुढे ती मोठ्याने वाचतो.

नवऱ्याचं काम मालकाचं. तो वही नाकापासून हातभर लांब धरायचा, बायकी आवाज काढायचा आणि दोन ओळी वाचायला घ्यायचा.

"दिवा रोज मीच लावते, उजेड साऱ्या घराचा;
बोटाला काजळी उरते, तेवढी शाई माझी."

'काजळी' म्हणताना तो बाजूच्या कंदिलाच्या काचेवरून बोट फिरवायचा आणि शेजारच्या मित्राच्या नाकावर टेकवायचा. काळं नाक दिसलं की नाट्यगृह कोसळायचं. हसणं जरा ओसरतंय तोच मालक म्हणायचा, "घरातली बाई लिहायला लागली, की समजावं, आता भाजीत मीठ दोनदा पडणार!" मग पेन कानावर खोचायचा आणि नुसता उभा राहायचा. तो उभा असेपर्यंत लोक पुन्हा हसत. सगळं शांत झालं की तो सावकाश म्हणे, "चला, छापून टाकू हिचं पुस्तक... शेगडीत!" आणि वही शेगडीत.

आता इथे प्रॉम्प्टरची खरी परीक्षा असते. नट गप्प उभा आहे. तो थांबलाय की विसरलाय? थांबलेल्याला ओळ दिली तर तो तुमचा जीव घेईल आणि विसरलेल्याला दिली नाही तर त्याचा जीव जाईल. म्हणून बाईने पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मालकाचं बोट ओळखायला शिकली. हनुवटी वर असेल तर थांबलाय. अंगठा पहिल्या बोटावर घासत असेल तर विसरलाय. दुसरी गोष्ट, ती हशा मोजू लागली. बाडाच्या समासात, म्हणजे नाटकाच्या त्या जाडजूड प्रतीच्या कडेला, ती पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा ओढी. मनातल्या मनात एक, दोन, तीन, आणि प्रत्येक आकड्याला एक रेघ. लोकांचा श्वास अडकला तर छोटं वर्तुळ. पुढच्या प्रयोगाला किती थांबायचं, हे त्या रेघांवरून कळे. एवढाच हेतू. इतिहास लिहायला कुणी बसलं नव्हतं.

कानावरच्या पेनाला चौदा रेघा असत. चौदा! आणि अंधारात बसलेल्या बाईच्या हळूहळू ध्यानात आलं की त्या चौदांतली पहिली रेघ नुसती पुरुषांची असते. बायकांचं हसणं एक आकडा उशिरा येतं. आधी शेजारी बघून घ्यायचं आणि मग हसायचं, एवढा त्या एका रेघेचा अवधी.

वर्षं जात राहिली. मालकाने नवऱ्याचं हे काम पंचवीस वर्षं केलं. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि तो मुलाकडे दूर राहायला गेला. नवरे बदलले, बायका बदलल्या, शेगडीत किती वह्या गेल्या त्याची गणती नाही. स्टुलावर मात्र तीच. आणि तिच्यासमोरच्या समासात अशी काही गंमत घडत होती की तिचा तिलाच विश्वास बसेना.

तिसऱ्या अंकात वारलेल्या सासूचा फोटो भिंतीवरून आपोआप पडतो. सुरुवातीच्या वर्षांत तिथे वर्तुळ होतं, जाड, दोनदा गिरवलेलं. सहाशे माणसांचा श्वास एकदम अडकायचा, कारण त्या सगळ्यांना ठाऊक होतं की मेलेली माणसं रागावतात. पुढे पुढे वर्तुळाशेजारी एक रेघ आली. कुणीतरी हसलं होतं. मग तीन रेघा, मग सहा, आणि वर्तुळ दिसेनासं झालं. फोटो तोच, खिळा तोच, दोरी ओढणारा माणूसही तोच. भीती कुठे गेली?

मग ती दोन वर्षं आली, जेव्हा लोक रस्त्यातही हळू बोलत आणि वर्तमानपत्रांत मधेच कोरे चौकोन येत. नाटकात घरगड्याचं एक साधं वाक्य होतं, "साहेब, घड्याळ बंद आहे, पण तुम्ही म्हणाल ती वेळ." इतकी वर्षं त्यावर कुणी खोकलंही नव्हतं. त्या दोन वर्षांत त्याला दहा रेघा पडल्या! आणि त्या दहाव्या रेघेनंतर हसणं विरत नसे, कुणी तोंडावर हात दाबावा तसं पटकन तुटे. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ कागद-पेन घेऊन बसू लागला. घरगड्याचं काम करणारा नट घाबरून विंगेत आला, "बाई, मी काही वेगळं म्हणतोय का हो?"

"नाही रे बाबा. तू तेच म्हणतोयस. ते वेगळं ऐकतायत."

ते दिवस सरले आणि वाक्य पुन्हा मुकं झालं, जणू कधी बोललंच नव्हतं. लिहिणाऱ्याला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, तो केव्हाच गेला होता. बाईला वाटे, शब्दही बियांसारखे पडून राहतात की काय? कुठलं कधी उगवेल कुणी सांगावं!

आणि वहीचा प्रसंग? चौदाच्या अकरा झाल्या. मग बायकांचं हसणं एक आकडा उशिरा येई, ते दोन आकडे उशिरा येऊ लागलं. मग एके वर्षी ते आलंच नाही. नुसते पुरुष हसले, आणि एकट्याने हसण्याची लाज वाटल्यासारखे लगेच थांबले. सात. चार. शेवटच्या वर्षी समासात एकही रेघ नव्हती. प्रयोग बंद झाले.

याला काही वर्षं लोटली आणि एका सकाळी कंपनीची नवी दिग्दर्शिका बाईच्या घरी आली. वय तिशीच्या आत, केस आखूड, आणि बोलणं असं की समोरच्याने नाही म्हणायला तोंड उघडलं की त्यात चहाचा कप जावा.

"मावशी, ते नाटक परत करतेय. एकच प्रयोग, रविवारी दुपारी. मालकसर नवरा करणार."

"अगं, एकोणऐंशी वर्षांचा आहे तो!"

"म्हणूनच आले. कानात ओळी पोचवणारं यंत्र बसवू म्हटलं तर म्हणाले, 'पोरी, माझ्या कानात बाईशिवाय कुणी बोललेलं नाही.' तुम्ही बसलात तरच उभे राहणार. मध्येच अडकले तर... मावशी, माणूस सहाशे लोकांसमोर उघडा पडेल हो."

बाईचा नवरा आरामखुर्चीतून ओरडला, "काय म्हणतेय ती?" तो कंपनीचा दिवे सांभाळणारा, आता निवृत्त, आणि दोन्ही कानांनी ठार बहिरा. आयुष्यभर कुजबुजणारी बायको पदरात पडली आणि म्हातारपणी ओरडल्याशिवाय ऐकू येईना, असा देवाचा विनोद.

"नाटक! परत!" बाई ओरडली.

"मग बस की. स्टूल काय तुझ्या बापाने मोडलंय?"

तालमीला मालक काठी टेकत आला. हात सतत थरथरत होता. पण आवाज! तो आवाज खोलीत शिरला की खिडक्यांच्या काचा अजून दबून राहत. त्याला निम्मं नाटक आठवत होतं, निम्मं नव्हतं. वहीच्या प्रसंगापाशी आला आणि डोळे चमकले. "इथे बघ हं पोरी. इथे थांबायचं. चौदा आकडे. छप्पर उडतं."

दिग्दर्शिकेने बाईकडे पाहिलं. बाईने बाड उचललं आणि मालकापुढे धरलं. "हे बघा. तुम्ही गेल्यानंतरचं."

त्याने चष्मा लावला. समास वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने काळा झाला होता. रेघा जागा मिळेल तिथे पडल्या होत्या, पार कवितेच्या दुसऱ्या ओळीच्या शेपटावर चढल्या होत्या. ते शेवटचे तीन शब्द त्यांच्याखाली गाडले गेले होते. बाईने एकेक वर्ष बोटाने दाखवलं. "अकरा. सात. चार. आणि हे..."

"कोरं आहे."

"हो."

"नट कोण होता?"

"कुणीही असो, मालक. हसत नाहीत आता लोक त्याला."

म्हाताऱ्याने बाड मिटून तिच्या हाती दिलं. "बाई, हशा मी आणतो. लोक काय आणतात? लोक पान-सुपारी आणतात!" आणि काठी आपटत निघून गेला. पण दाराशी थबकून, पाठमोराच म्हणाला, "नाही आला, तर मला कळणार नाही गं तिथे किती वेळ उभं राहायचं. मग तू सांग."

रविवार उजाडला. दुपारी तिसरी घंटा झाली. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. बाईचा नवरा दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. ऐकू काही येणार नव्हतं, पण दिवे बघायचे होते. बाईने स्टूल पुसलं, बाड मांडीवर उघडलं. हाताला घाम.

पहिला अंक पार पडला. सात वेळा अंगठा बोटावर घासला गेला, सात वेळा तिने ओळ पोचवली, आणि सहाशे जणांत कुणाला सुगावा लागला नाही. दुसरा अंक. वही हाती आली. मालकाने ती हातभर लांब धरली, बायकी आवाज काढला. "दिवा रोज मीच लावते..." कंदिलाच्या काचेवरून थरथरतं बोट फिरलं, मित्राचं नाक काळं झालं. पुढच्या रांगेतून दोन म्हातारी माणसं खुदकन हसली. कवितेचं शेपूट त्याने नेहमीसारखंच गिळलं. इतकी वर्षं त्या गोंगाटात ते म्हणायची त्याला गरजच पडली नव्हती.

"घरातली बाई लिहायला लागली, की समजावं, आता भाजीत मीठ दोनदा पडणार!"

पेन कानावर गेला.

काही नाही. खोकला नाही, खुर्चीची कुरकुर नाही.

बाई सवयीने मोजू लागली. एक, दोन, तीन. मालक उभा. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. हात मुळातच थरथरत होता. अंगठा घासतोय की कापतोय, काही कळेना. हनुवटी वर होती, पण डोळे रिकामे. थांबलाय की विसरलाय? पहिला महिना सोडला तर पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. पाच, सहा, सात. बाडावरचं बोट घामाने घसरलं आणि रेघांच्या त्या काळ्या पट्ट्यावरून वर, एक संवाद वर जाऊन थांबलं. आणि बाईने ओळ दिली.

"दिवा रोज मीच लावते..."

चुकीची ओळ! झालेली ओळ! आणि त्याहून भयंकर म्हणजे, त्या शांततेत तिचा आवाज विंगेच्या बाहेर पडला. पहिल्या रांगेत, तिसऱ्या रांगेत, पार मागे भिंतीपर्यंत गेला. एका बाईची कुजबूज, कुठून आली कळू नये अशी.

प्रॉम्प्टरने विष दिलं तरी नट ते पितो. त्याला विचार करायला वेळ नसतो. "दिवा रोज मीच लावते," मालक म्हणाला. बायकी आवाज काढायचं तो विसरला. आपल्याच आवाजात म्हणाला.

आता परत फिरता येत नव्हतं. "उजेड साऱ्या घराचा," बाई कुजबुजली.

"उजेड साऱ्या घराचा."

"बोटाला काजळी उरते..."

"बोटाला काजळी उरते." त्याने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. काळं होतं. कुणाच्या नाकाकडे ते गेलं नाही.

पुढचे शब्द बाडात दिसत नव्हते. बाईने ते मनातून काढले. हजार वेळा तिच्या डोळ्यांखालून गेलेले, आणि त्या घटकेला तिच्या लक्षात आलं की आपण ते कधी ऐकलेलेच नाहीत. कुणीच नाही. चौदा रेघांच्या खाली ते पडून होते. लिहिणाऱ्याने लिहिले, नटाने गिळले, लोकांनी हसून बुजवले.

"तेवढी शाई माझी."

"तेवढी..." म्हातारा थांबला. या वेळी तो विसरला नव्हता, हे तिला हाताकडे न बघता कळलं. "तेवढी शाई माझी."

सहाशे माणसं, आणि बाईला स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग मालक शेगडीपाशी गेला. नाटक नाटकासारखंच व्हायला हवं, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. "चला, छापून टाकू हिचं पुस्तक..." 'शेगडीत' हा शब्द ओठांवर हलला, बाहेर आला नाही. वही हातातून सुटली.

आणि नाट्यगृहाचा श्वास अडकला. सगळ्यांचा, एकदम. हा आवाज बाईच्या ओळखीचा होता. तरुणपणी, सासूचा फोटो पडायचा तेव्हा तो येई. तोच, तस्साच. तिला वाटलं होतं, तो या जगातून गेला. तो गेला नव्हता. नुसती जागा बदलून इथे येऊन बसला होता, एका वहीपाशी.

तिसरा अंक होऊन पडदा पडल्यावर विंगेत गर्दी झाली. दिग्दर्शिका धावत आली, डोळे लाल. "मावशी, लोक विचारतायत ती कुजबूज कुणाची होती! ध्वनिमुद्रण होतं का म्हणून! आपण आणखी एक प्रयोग करू, त्यातही..."

"चूक झाली गं माझी. चूक का कुणी ठरवून करतं?" बाई स्टुलावर तशीच बसून होती. "पंचेचाळीस वर्षांत नाक कापलं नव्हतं, ते आज कापून घेतलं."

तेवढ्यात नवरा गर्दीतून वाट काढत आला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "काय झालं गं मघाशी तिथे? दिवा तर तोच होता, पिवळा. पण माझी सगळी रांग एकदम पुढे झुकली! शेतात वारा आल्यासारखी!"

मालक खुर्चीत बसून घाम पुसत होता. त्याने खूण करून तिला जवळ बोलावलं.

"बाई. किती झाले?"

"काय किती?"

"मी ओळ म्हटल्यानंतर. किती मोजलेस?"

तिने बाडाकडे पाहिलं. पेन्सिल कानामागेच राहिली होती. "मोजायचं राहिलं, मालक."

त्याने बाड ओढून घेतलं, ते पान उघडलं आणि त्या गाडल्या गेलेल्या ओळीवर पहिलं बोट सावकाश फिरवलं, शेवटच्या शब्दापर्यंत. बोट वर करून उजेडात धरलं. पेन्सिलीने काळं झालं होतं.

"म्हणजे हशा काही आला नाही माझा," तो म्हणाला. आणि वळून, एकोणऐंशी वर्षांच्या त्या थरथरत्या हाताने, बेसावध उभ्या असलेल्या तिच्या दिवेवाल्या नवऱ्याच्या नाकावर ते बोट टेकवलं.

"अरे! काय चाललंय काय?" दिवेवाला ओरडला. नाक काळं, चेहरा न्यायाधीशाचा.

आणि बाई हसली. विंगेत हसायचं नसतं, हा दुसरा कायदा. पंचेचाळीस वर्षांचं साठलेलं हसू होतं ते, आवाज करून, मालकाच्या खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी काढत आलेलं. बाहेर निघालेली माणसं मागे वळून बघू लागली.

मालकाने तिच्या कानामागची पेन्सिल काढली, बाड गुडघ्यावर ठेवलं आणि कोऱ्या जागेत हलत्या हाताने रेघा ओढू लागला.

"एक," तो म्हणाला. "दोन. तीन. हसा बाई, हसा, मी आहे मोजायला. चार..."